खडखड्या आणि येडी बाभळ

ज्वारीचं ताट आतून पोकळ झालं की वाऱ्यावर खडखड वाजतं. आमच्याकडं त्या रोगाला खडखड्याच म्हणतात. पौषात रान वरून हिरवं दिसत असतं, कणसात दाणा भरत असतो, आणि जमिनीतली ओल सरत आली की ताट बुडाशी मऊ पडतं. दोन बोटांत धरून दाबलं तर चिपाडासारखं दबतं. उभं चिरलं तर आत नुसते दोरे, आणि त्या दोऱ्यांवर कोळशाची पूड शिंपडावी तसे काळे ठिपके. मग वाऱ्याची एक झुळूक आली की सबंध पट्टा आडवा. दाणा बारीक राहतो, कडबा काळा पडतो, जनावर हुंगून तोंड फिरवतं.

हे आधी सांगायचं कारण असं की, गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेत ह्याच रोगाच्या बुरशीला गावात मानानं बोलवायचा ठराव जवळजवळ मंजूर झाला होता. मी त्याला आडवा गेलो. तेव्हापासून पोरं मला 'बुरशीवाले तात्या' म्हणतात. म्हणू द्यात. पण मी काय बोललो ते नीट कुणी ऐकलंच नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं, काळ्या रानाचं. गावाला बत्तीस एकर गायरान आहे. शहरातली एक संस्था आली, चांगली शिकलेली मुलं-मुली. त्यांना गायरानातली येडी बाभळ काढून पूर्वीचा गवताळ माळ परत आणायचा होता. माझा त्याला विरोध नव्हता, आजही नाही. मी तो माळ पाहिलाय. पवना गुडघ्यापर्यंत यायचा, मारवेल बांधाकडनं पसरायचा, कुसळ धोतराला चिकटून घरापर्यंत यायचं. काळविटांचे कळप असायचे. नान्नजच्या माळढोकाचं नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या माळावरही तो पक्षी चालताना माझ्या वडलांनी बघितलाय. असल्या पक्ष्याला, हरणाला झाडी नको असते, लांबवर दिसणारं उघडं रान लागतं. हे शहरातल्या माणसाला कळायला फार वर्षं गेली. त्याच्या लेखी जिथं झाड नाही ती पडीक जागा. आमच्या गायरानाला सातबाऱ्याच्या भाषेतही पडच म्हणतात, ते एक असो.

येडी बाभळ आली कशी? गावात सांगतात, विमानातनं बी टाकलं. मी विमान बघितलं नाही. मी बघितलं ते डोक्यावर पोतं घेऊन बांधाबांधानं बी टोकत जाणारी मजूर माणसं. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो, आईबरोबर खडी फोडायला जायचो. मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. त्या दुष्काळानंतर जो तो हिरवं काहीतरी उभं करायच्या नादाला लागला होता, आणि जे बिनपाण्याचं वाढेल ते देवासारखं वाटायचं. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. इंग्रजांच्या राज्यात १८७७ च्या सुमाराला त्याचं बी हिंदुस्थानात आलं. कच्छच्या बन्नीत १९६१ पासून ते मुद्दाम लावलं, खारी जमीन पुढं सरकू नये म्हणून. आज तो सगळा गवताचा मुलूख ह्या झाडानं गिळत आणलाय. तिकडं ह्याला गांडो बावळ म्हणतात. म्हणजे तिकडंही येडंच.

आणि मी स्वतः काय केलं तेही सांगतो. १९८४ साली ओढ्याकडच्या बांधावर शंभर हात येडी बाभळ मीच लावली. कुपाटी आयती होईल, शेळ्या आत शिरणार नाहीत, असा हिशेब. शेळ्या शिरल्या नाहीत, पण बाभळ शिरली. गोड शेंगा जनावरं आवडीनं खातात, बी पोटातनं तसंच बाहेर पडतं, तेही शेणाच्या खतासकट. तोडावी तर बुडातनं दहा फुटवे येतात. जमिनीखाली वीतभर खणून खोडाचा गड्डा काढला तरच ती मरते. माझ्या खिलारी बैलाच्या खुरात तिचा काटा मोडला, पाय पिकला. तो बैल मला आतबट्ट्यात विकावा लागला. तेव्हा ह्या झाडाची बाजू घ्यायला मी उभा नाही.

सभा शाळेत होती. भिंतीवर चित्रं दाखवत होते. ऑस्ट्रेलियात पार्किन्सोनिया नावाचं एक काटेरी, पिवळ्या फुलांचं झाड माजलंय. आपल्याकडंही ते कुंपणाला दिसतं, काही जण त्याला देवबाभूळ म्हणतात. तिथं उत्तरेला ही झाडं आपोआप वाळताना दिसली. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी वाळत्या झाडांतनं बुरशी काढली, भरडधान्याच्या दाण्यांवर वाढवली, आणि जिलेटिनच्या कुपीत भरली. खोडाला गिरमिटानं भोक पाडायचं, कुपी आत सारायची, बाहेरनं बूच मारायचं. बुरशी आतनं झाड खाते. फवारा नाही, विष नाही, शेजारच्या गवताला धक्का नाही. बघताना मलाही पटत होतं. संस्थेचा मुलगा म्हणाला, "असंच काहीतरी आपण येड्या बाभळीवर करून बघू. सुरुवातीला पाच एकरांवर."

मग पडद्यावर त्या तीन बुरशांची नावं आली. माझं शिक्षण दहावी. १९७५ ची, दहावीची पहिली बॅच. इंग्रजीत छत्तीस मार्क होते. पण मधलं नाव मी अक्षर-अक्षर जुळवून वाचलं आणि अंगावर काटा आला. मॅक्रोफोमिना. हे नाव मी रब्बी ज्वारीच्या पुस्तिकेत वीस वेळा वाचलंय. खडखड्याच्या पानावर.

मी उठून म्हणालो, "बाई, ही तर आमच्या ज्वारीची काळ आहे."

ती मुलगी, बुरशीवरच शिकलेली, जराही चिडली नाही. म्हणाली, "बरोबर आहे काका. पण ती बुरशी तुमच्या मातीत आधीपासूनच आहे. आम्ही नवीन काही आणणार नाही, इथल्याच झाडांवरची घेऊ. शिवाय कुपी खोडात बंद असते."

उत्तर खोटं नव्हतं. ती बुरशी आमच्या मातीत आहेच. तिचे काळे दाणे वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतात, पाण्याचा ताण पडला की उठतात. पाचशेच्या आसपास जातींच्या वनस्पतींवर ती जगते. ज्वारी झाली, सूर्यफूल, सोयाबीन, हरभरा झाला, तिला काही वर्ज्य नाही. पण चुलीत विस्तव आहे म्हणून कुणी वळचणीला पलिता बांधून ठेवत नाही. मातीत असणं वेगळं, आणि कारखान्यात वाढवून एकरी शेकड्यानं झाडांत भरणं वेगळं.

आणि 'खोडात बंद' हे तर त्यांनी आमचं गाव न बघताच म्हटलं. ऑस्ट्रेलियातले कुरणवाले हजारो एकरांचे मालक. मेलेलं झाड तिथंच उभं राहतं, तिथंच कुजतं, कुणी त्याच्याकडं फिरकत नाही. आमच्याकडं मेलेलं झाड दुसरा दिवस बघत नाही. आक्का, माझी चुलती, सभेत मागनं ओरडलीच, "वाळल्याली बाभळ आमी काय तिथंच ठिवनार व्हय?" सरपण म्हणून मोळ्या घरोघर जातील. चुलीत गेलं ते जळेल. पण काटे कुठं जातील? कुपाटीला. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या रानाभोवती आम्ही येड्या बाभळीचेच फास लावतो. म्हणजे बुरशी भरलेलं लाकूड आम्ही आमच्याच हातानं साठ शेतकऱ्यांच्या बांधावर नेऊन रचणार, ते तिथं पावसाळाभर कुजणार, आणि ऐन हस्तात त्याच्याशेजारी ज्वारी पेरणार. ह्या एका गोष्टीचं उत्तर त्या दिवशी कुणाकडंच नव्हतं. मुलीनं वहीत लिहून घेतलं. मला तिचं ते बरं वाटलं.

बुरशीची भीती मला पुस्तकातनं आलेली नाही. २०११ साली मी चारशे झाडं डाळिंबाची लावली होती, भगवा. शेततळं केलं, ठिबक केलं, कर्ज केलं. चौथ्या वर्षी एका झाडाची एक फांदी पिवळी पडली. पंधरा दिवसांत झाड गेलं. बुंधा तोडून बघितला तर आत राखाडी-तपकिरी चट्टा, चांदणीसारखा फाकलेला. मर रोग. मुळाला मूळ लागतं आणि बुरशी ओळीनं चालत जाते. एक बारीक भुंगेरा खोडाला भोकं पाडतो, तोही तिचा हमाल. औषध ओतलं, चर खणले, मेलेली झाडं मुळासकट जाळली. दोन वर्षांत अडीचशे झाडं गेली. उरलेली मीच उपटली, कारण मेलेली झाडं मोजत रोज सकाळी बागेत जाणं आमच्या मंडळींना सोसेना. तिनं बागेकडं जायचंच सोडलं होतं. त्या रानात आज पुन्हा ज्वारी आहे. तेव्हा बुरशी ठरल्या जागी थांबते, असं मला कुणी सांगू नये.

ह्यावरनं संस्थेतल्या एका मोठ्या साहेबांनी माझी गिनती 'विज्ञानाला घाबरणारे' ह्यांच्यात केली. त्यांना म्हणावं, माझ्या घरी या. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे. बियाण्याला ती चोळल्याशिवाय मी मूठ धरत नाही, शेणखतात मिसळून दर साली टाकतो. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे मी स्वतः डबीत भरून आणून बांधावर सोडलेत. ते भुंगे १९८४ साली बंगळूरला पहिल्यांदा सोडले. पुढं ते सूर्यफुलावर दिसले तशी बोंब उठली, मग तपासणी झाली आणि भीती फोल निघाली. मी म्हणतो, अशीच तपासणी हवी. बोंब उठली म्हणून काम बंद करायला नको, आणि चित्र सुंदर म्हणून ठराव मंजूर करायलाही नको.

बुरशीनं झाड मारण्याची चांगली उदाहरणं मी नंतर त्या मुलीकडनंच समजून घेतली. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या बाजूला ऑस्ट्रेलियाची एक बाभळ, पोर्ट जॅक्सन तिचं नाव, वाळू धरून ठेवायला म्हणून एकोणिसाव्या शतकात लावली आणि ती तिथल्या रानफुलांवर बसली. आपलीच गोष्ट, नाव बदललेलं. १९८७ साली त्यांनी तिच्या मायदेशातनं एक तांबेरा आणला. आधी तिथल्या स्थानिक बाभळींवर तो लागतो का ते तपासलं, मगच सोडला. तो त्या एकाच झाडावर बसतो, फांद्यांना गाठी आणतो, झाड खंगतं, शेंगा कमी धरतं. काही ठिकाणी दहा वर्षांच्या आत झाडांची दाटी ऐंशी टक्क्यांहून जास्त उतरली. तरी जमिनीत पडलेलं बी अजून आहेच, ते उगवतंय. म्हणजे तांबेरा सोडला आणि घरी जाऊन झोपले, असं तिथंही झालं नाही.

हॉलंडमध्ये अमेरिकन चेरीनं जंगलं भरली. तोडलेल्या बुंध्यावर ते एक बुरशी लावतात, म्हणजे पुन्हा फुटवा येत नाही. ती बुरशी आलुबुखारासारख्या फळझाडांना बाधते हे त्यांना माहीत होतं. म्हणून आधी बीजाणू वाऱ्यानं किती लांब जातात ह्याचं गणित मांडलं, आणि फळबागांपासून अंतर ठेवायची अट घातली. बघा, तिथं बागायतदाराचा विचार आधी झाला. आमच्या सभेत ज्वारी हा शब्द मी काढेपर्यंत निघाला नव्हता. आणि गाव कुठलं, तर मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या मुलखातलं, जिच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालंय.

आपल्या देशातही हे नीट झालेलं आहे. आसाम आणि केरळात मिकानिया नावाचा वेल चहामळे आणि जंगलं झाकून टाकतो. त्याच्यासाठी त्रिनिदादमधला तांबेरा आणला, दिल्लीत बंदिस्त जागेत पिकांवर, चहावर तपासला आणि २००५-०६ मध्ये रानात सोडला. तो तिथं टिकला नाही, पण कुणाचं पीकही बुडालं नाही. अपयश यावं तर असं यावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच होतं, आणि ते मी सभेत वाईट आवाजात, मधेमधे खोकत सांगितलं. बुरशीत दोन जाती. एक एकाच घरची भाकरी खाणारी, तांबेऱ्यासारखी. दुसरी मिळेल ते ओरपणारी, खडखड्यासारखी, डाळिंबाच्या मरसारखी. दुसऱ्या जातीला कोरडवाहू मुलखात औषध म्हणून हातच लावायचा नाही. कुपीत असो, मलमात असो, इथली असो की परदेशी. पहिल्या जातीची शोधा. पण शोधलीत तर कशावर तपासणार? येड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण म्हणजे आपली शमी, सौंदड. दसऱ्याला आम्ही तिची पूजा करतो, आणि राजस्थानात खेजडी म्हणून सगळं वाळवंट तिच्या जिवावर जगतं. पुढच्या नात्यात आपली गावठी बाभूळ, हिवर, खैर. नांगर, कुळव, गाडीचा साटा ज्या बाभळीचा, तीच गेली तर काय करायचं? आधी शमीवर बसत नाही हे दाखवा, बाभळीवर बसत नाही हे दाखवा, मग बोलू.

इथं एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपली ही गावठी बाभूळ ऑस्ट्रेलियात गेलीय आणि तिथं तिनं क्वीन्सलँडची गवताळ कुरणं व्यापलीत. म्हणजे आमची कुळवाची बाभूळ ही त्यांची येडी बाभळ! तिच्यावरचे किडे आणि तांबेरे शोधायला त्यांचे लोक २००८ नंतर भारतात फिरले, इथल्या वनसंशोधन संस्थांबरोबर वर्षानुवर्षं नोंदी केल्या. आपल्या झाडाचा रोग नेण्याआधी त्यांनी इतका विचार केला. आणि आम्ही पाच एकर एका दुपारच्या सभेत द्यायला निघालो होतो, त्यातही अर्ध्या लोकांचं लक्ष नाश्त्याच्या पुड्यांकडं.

कायद्याचंही विचारलं मी. साधं ट्रायकोडर्मा विकायचं तरी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. मग तुमच्या कुपीची नोंदणी कुठाय? साहेब म्हणाले, "हा फक्त प्रयोग आहे, परवानगीचं बघू." प्रयोग तुमचा आणि रान आमचं. बी टोकत जाणाऱ्या मजुरांच्या मुकादमालाही कुणी विचारलं असतं, तर तोही 'बघू'च म्हणाला असता.

तोवर काय करायचं, असा प्रश्न सगळे मलाच टाकतात, जणू झाड मी एकट्यानं आणलं. करायचं ते जुनंच आहे आणि घामाचं आहे. गड्डा जमिनीखालनं खणून काढायचा. रोजगार हमीतनं मजुरी द्यायची, लाकूड बायकांना न्यायला मोकळं ठेवायचं, कारण ती सगळी बाभळ एका साली गेली तर पंचवीस-तीस घरांच्या चुली बंद पडतील. सिलिंडर भरायला पैसे कुठं आहेत? एका वेळी चार-पाच एकरच साफ करायचे. तिथं दोन पावसाळे चराईबंदी, पवना-मारवेलाचं बी, आणि उगवलेली पोरटी बाभळ ओल असेपर्यंत हातानं उपटायची. ती वितीची असते तोवर चार वर्षांचं पोरही उपटतं, पुरुषभर झाली की पहार लागते. ह्यात चित्र दाखवण्यासारखं काही नाही, त्यामुळं निधी येत नाही, हे मला कळतं. मेंढपाळांनाही त्याच सभेत बसवायचं, कारण चराईबंदी त्यांच्याच पोटावर येते. आमच्या गावानं हे आजवर का केलं नाही, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. गायरान सगळ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही.

ठराव त्या दिवशी पुढं ढकलला. सरपंच मला बाहेर म्हणाले, "तात्या, आलेला पैसा तुमी परत लावला." असेलही. दोन-तीन जण अजून माझ्याशी धड बोलत नाहीत; त्यांना जेसीबीचं काम मिळणार होतं.

त्या मुलीला मात्र मी म्हणालो होतो, पौषात ये, हुरडा खायला म्हणून ये, तुला दाखवतो. ती आली, एसटीनं, एकटीच. वरच्या टेकाडाच्या तुकड्यात खडखड्या लागला होता. मी ताट चिरून तिच्या हातात दिलं. तिनं बोट फिरवलं, बोट काळं झालं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, प्रयोगशाळेत हे मी फक्त काचेच्या ताटलीत बघितलंय."

जाताना तिला मी ओढ्याच्या वळणावर नेलं. तिथं तीन येड्या बाभळी शेंड्याकडनं वाळत आल्यात. कुणी औषध मारलेलं नाही, कुऱ्हाड लावलेली नाही. आणि त्यांच्यामध्ये एक सौंदड उभी आहे, ती हिरवीगार. ही गोष्ट मी सभेत सांगितली नव्हती. तिनं तिन्ही झाडांच्या फांद्या कागदी पिशव्यांत भरल्या, सौंदडीचीही एक डहाळी घेतली, पिशव्यांवर तारीख घातली. तपासणीचा निकाल अजून यायचाय. दर अमावस्येला मी त्या सौंदडीला एक चक्कर मारून येतो.